तेलावरचं डांबर

सदलग्याच्या खालच्या अंगाला, दूधगंगेच्या काठावर आमचं घर होतं आणि घरापेक्षा मोठी आमची नाव होती. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांची नाव सागवानी, रुंद पोटाची. एका वेळी वीस माणसं बसायची, नाहीतर गुळाच्या ढेपा आणि तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे. पावसाळ्यात ती फक्त या काठावरून त्या काठावर जायची. हिवाळ्यात पूर्वेचं वारं सुटलं की आप्पा तिला शीड लावत आणि उलट्या पाण्यात वरच्या गावांपर्यंत माल नेत. शिडाचं कापड शहापूरच्या मागावर विणलेलं असे, कारण माझ्या आईचं माहेर शहापुरातलं विणकरांचं. आईला आम्ही आव्वा म्हणत होतो. आव्वाच ते शीड शिवायची. पण त्या नावेच्या बुडाला आव्वानं जन्मात कधी हात लावला नव्हता. बाईनं लावायचं नाही, असंच होतं.

बाईनं नावेत बसलेलं चालायचं. शीड शिवलेलं चालायचं. पण उन्हाळ्यात नाव काठावर ओढून उपडी घातली की बाईनं तिच्या बुडाला शिवायचं नाही. शिवलं तर नदी नाव ओढून नेते, असं म्हणत. लहानपणी मी याचं कारण विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "माझ्या बानं सांगितलं, मी ऐकलं." मी चौथीपर्यंत शिकले होते, आणि मास्तरांनी सांगितलेल्या गोष्टींतली एकच माझ्या डोक्यात पक्की बसली होती. कारण सांगता येत नसेल तर तो नियम अजून तपासायचा राहिला आहे.

नावेच्या बुडाला दरसाल लेप द्यावा लागतो. लाकूड बारा महिने पाण्यात राहिलं की त्याला शेवाळ धरतं. आधी नुसता बुळबुळीतपणा येतो, मग हिरवी दाढी लोंबते आणि त्या दाढीत बारीक गोगलगाई बसतात. अशी नाव वाऱ्यावर चढत नाही, शीड फुगलं तरी जागच्या जागी ओढ खात राहते. म्हणून चैत्रात नाव वर घ्यायची, खरवडायची, फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठासायची आणि करंजेलात उकळलेली राळ बुडाला फासायची. आप्पांच्या पणज्यापासून हेच चालत आलं होतं. वर्षानुवर्षं तेल पिऊन ते लाकूड काळंभोर झालं होतं.

मी सांगते ती गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि निपाणीहून नवऱ्याचं घर सोडून आले होते. लोक मला टाकलेली म्हणायचे. मी त्यांना दर वेळी दुरुस्त करायची, टाकलेली नव्हे, सोडून आलेली. नवरा तंबाखूच्या वखारीत होता आणि घरी आला की हात उचलायचा. दोन वर्षं मी ते सोसलं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी लुगड्याचं गाठोडं घेतलं आणि चालत निघाले. आप्पांनी दारात मला बघितलं, डोळ्याखालचं काळं बघितलं आणि म्हणाले, "पाय धू. जेवाय बस." पुढं कधीही त्यांनी मला परत जा म्हटलं नाही. आव्वा म्हणायची. रोज नाही, पण सणासुदीला.

आमच्या उताराचा मक्ता एका मोठ्या माणसाकडे होता. उतार म्हणजे नदी ओलांडायची जागा. तिथं कुणाची नाव चालायची ते मक्तेदार ठरवायचा. मी आले त्याच साली चैत्रात तो आमच्या काठावर आला आणि त्याच्या गाडीतून डांबराचं एक पिंप उतरवलं.

"औंदा तेलबिल काय न्हाय," तो म्हणाला. "सायबाच्या बोटीला हेच लावत्यात. शेवाळ धरत न्हाय, लाकूड कुजत न्हाय. परवा पलीकडं जत्रा हाय. तवर नाव पाण्यात पायजे."

आप्पांनी पिंपात काठी बुडवून बघितली, वास घेतला. "डांबर चांगलं हाय, मालक. पर लाकडात चार पिढ्यांचं तेल हाय. तेलावर ह्ये धरायचं न्हाय. आदी सगळं खरवडून काढाय पायजे, वाळवाय पायजे. म्हयना जाईल."

"म्हयना? दोन दिस हायत तुला. न्हायतर दुसरी नाव आणतो."

आप्पांनी ऐकलं. त्यांच्यावर मी नंतर त्याचा राग धरला, पण तेव्हा मीही काही बोलले नाही. दोन गड्यांनी आणि आप्पांनी मिळून तेलकट लाकडावर गरम डांबर थापलं. नाव काळी, चकचकीत, नवी दिसायला लागली. मक्तेदारानं तिच्याजवळ उभं राहून लोकांना दाखवली.

ज्येष्ठ महिन्यात बुडाला फोड आले. आषाढात डांबराच्या पापड्या सुटून पाण्यावर तरंगायला लागल्या. जिथं पापडी अर्धी सुटली होती तिथं तिच्या आत पाणी साचून राही आणि त्या खबदाडीत शेवाळ नेहमीपेक्षा दाट धरे. आप्पा रोज हात घालून बघत आणि हात धुवून येत. भाद्रपदात एका बाजारच्या दिवशी, नाव माणसांनी भरलेली असताना, मध्यावर एक सांधा उघडला. लाकूड आतून फुगून वात बाहेर ढकलली गेली होती. आप्पांनी आपलं पटकुरं त्या सांध्यात कोंबलं, त्यावर टाच रोवली आणि एका पायावर उभं राहून नाव काठाला लावली. माणसं सगळी वाचली. गूळ भिजला, एका म्हातारीची शेळी पाण्यात पडली ती खाली दोन शेतं ओलांडून जिवंत सापडली. पण शेवटच्या धक्क्याला वल्हं आप्पांच्या खांद्यावर आदळलं आणि उजवा हात खांद्यातून गेला. हाड बसवणाऱ्यानं बसवला, पण पुढं तो हात छातीच्या वर कधी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मक्तेदार आला आणि काठावर पाच-पन्नास लोकांसमोर म्हणाला की ह्यानं मुद्दाम केलं. डांबर नको होतं म्हणून पातळ लावलं, आपलंच खरं करायला माणसं बुडवायला निघाला. आप्पा मान खाली घालून उभे होते. मी गर्दीतून पुढं झाले.

"दोन दिसात लाव म्हनून कुनी सांगितलं?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता आप्पांना म्हणाला, "पोरीला घरात घे. नवऱ्याच्या घरात ऱ्हायाचं जमलं न्हाय, आता नावंतलं सांगाय आली."

त्याच महिन्यात उतारावर दुसरी नाव आली.

त्या वर्षी दिवाळी झाली ती उपास धरल्यासारखी. आप्पा अंगणात बसून नदीकडे बघत राहायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "आप्पा, डांबर वंगाळ व्हतं का?"

"न्हाय," ते म्हणाले. "डांबर वंगाळ न्हाय. आमी लावलं तसं वंगाळ."

"मग कोरड्या लाकडावर लावलं तर?"

"म्या कवा लावून बघितलंय?"

मग मीच म्हटलं की बघूया. सुताराकडून सागाच्या तीन फळ्या आणल्या. एकीला नेहमीचं करंजेल आणि राळ. दुसरीला आधी तेल मुरवून वर डांबर, मक्तेदाराच्या पद्धतीनं. तिसरी पंधरा दिवस उन्हात वाळवली आणि कोऱ्या लाकडाला डांबर दिलं. ओळखू याव्यात म्हणून कडेला एक, दोन, तीन अशा खाचा पाडल्या आणि दगड बांधून नदीत सोडल्या. आव्वा म्हणाली, "फळ्या बुडवून बसलीया, कुनी बघितलं तर येडी म्हनतील." मी म्हटलं, "आदीच म्हनत्यात की." तिला हसू आलं, तिनं ते पदरात लपवलं.

फाल्गुनात फळ्या वर काढल्या. आप्पा मांडी घालून बसले आणि एकेक फळी डाव्या हातानं चाचपली. तेलाच्या फळीला बोटभर शेवाळ होतं, पण लाकूड घट्ट. दुसरीचं डांबर निम्मं गेलेलं, खाली नख घातलं तर लाकूड ओलं, मऊ. तिसरीवर नुसता पातळ बुळबुळीत थर होता. आप्पांनी तो पंच्याच्या टोकानं पुसला आणि खालून डांबर जसंच्या तसं काळं निघालं. त्यांनी ती फळी बराच वेळ मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नाव वर घेऊ."

दोन गडी आणि शेजाऱ्याची बैलजोडी लावून नाव काठावर ओढली, उपडी घातली. दुसऱ्या दिवशी गडी आलेच नाहीत. मक्तेदारानं त्यांना निरोप दिला होता की त्या नावेला हात लावाल तर माझ्याकडं कामाला येऊ नका. आप्पा डाव्या हातानं खरवडायला बसले. दुपारपर्यंत पंजाएवढी जागा झाली होती. खांदा दुखून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी घरात गेले. भिंतीला खुरपं अडकवलेलं होतं. आम्ही बायका भांगलणीला जातो ते, शेतातलं तण काढायचं. ते घेतलं आणि नावेपाशी आले.

आप्पांनी वर बघितलं. "ठेव ते."

"आप्पा, खुरपं बाईच्याच हातातलं असतंय. सरका वाईच."

"लोक काय म्हनतील?"

"गेल्या साली बाईनं हात लावला न्हवता. तरी नदी नेत व्हती का न्हाय?"

आप्पा उठले आणि थोडं लांब जाऊन पाठ करून बसले. मी गुडघे टेकले आणि बुडाला पहिला ओरखडा काढला. काही घडलं नाही. डांबराची पापडी सुटली आणि मातीत पडली, एवढंच.

गावाला संध्याकाळच्या आत कळलं. दुसऱ्या दिवशी काठावर माणसं बघायला उभी. एक म्हातारा, आप्पांचा नात्यातला, मला ऐकू जाईल असं म्हणाला की नवरा सोडलेल्या बाईचा हात उपड्या नावेला, आता ह्या उताराचं काय खरं नाही. मी खुरपं थांबवलं नाही. दुसरा कुणीतरी हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे. म्हाताऱ्याला निदान भीती वाटत होती. हसणाऱ्याला काहीच वाटत नव्हतं.

वरचं सुटलेलं डांबर चार दिवसांत निघालं. पण खालचं तेल निघेना. मग मी चुलीतली राख पाण्यात उकळून ते पाणी बुडाला मारायचं आणि विटेच्या तुकड्यानं घासायचं, असं सुरू केलं. राखेच्या पाण्यानं तेल सुटतं, हे भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. पुरुषांनी चार पिढ्यांत ते करून बघितलं नव्हतं, कारण त्यांनी भांडी घासली नव्हती. पिवळट, मळकट फेस यायचा. माझ्या बोटांची सालं गेली.

आठव्या दिवशी सकाळी मी घासत होते तर नावेच्या पलीकडून घासल्याचा आवाज आला. आप्पा असतील म्हणून मी बघितलं नाही. थोड्या वेळानं पाणी घ्यायला उठले तर तिकडं आव्वा बसली होती, लुगड्याचा काष्टा खोचून, हातात वीट. चेहरा रागावलेला. मी उभी राहिले तशी म्हणाली, "बघतीस काय? तुझ्या बाजूचं अजून लई राहिलंय."

तिनं त्या दिवशी आणि पुढचे सगळे दिवस एवढंच बोलून काम केलं. मला परत जा म्हणणं मात्र तिनं त्यानंतर सोडलं.

लाकूड मूळच्या रंगावर यायला वीस दिवस लागले. आप्पांनीही तो रंग कधी बघितला नव्हता. मधासारखा. ते बोटानं फळ्यांच्या रेषा धरून चालत गेले, आणि सांधे मात्र त्यांनी स्वतः भरले. त्यांनी डाव्या हातानं वात धरायची, मी हातोडी मारायची. मग पंधरा दिवस ऊन दिलं. मक्तेदाराच्या पिंपात निम्मं डांबर उरलं होतं, ते आमच्याच अंगणात पडून होतं. ते तापवून मी आणि आव्वानं पातळ हात दिला, वाळू दिला आणि मग दुसरा दिला. मनगटावर एक थेंब उडाला त्याचा डाग अजून आहे.

दुसरा हात वाळत असताना मक्तेदार आला. या वेळी त्याचा आवाज खाली होता. त्यानं आणलेली नाव जड होती आणि पुरात चालवायला आप्पांइतका माहीतगार माणूस त्याच्याकडे नव्हता. त्यानं नावेभोवती एक फेरी मारली, नखानं डांबर खरवडून बघितलं. निघालं नाही.

"काम बरं झालंय," तो आप्पांना म्हणाला. "उतार देतो तुला परत. फकस्त लोकांना सांग, गडी लावून केलं म्हनून. बायकांनी केलेल्या नावंत मानसं बसनार न्हाईत. तू म्हनलास की संपलं."

मी आप्पांकडे बघितलं. घरात गेल्या भाद्रपदापासून चूल कशी पेटत होती ते आम्हा तिघांना माहीत होतं. आप्पा हो म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता, असं आज म्हणते. त्या दिवशी दिला असता.

आप्पांनी दुखरा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाले, "मालक, माझा हात वर जात न्हाय. समद्या गावानं बघितलंय. मी केलं म्हनलं तर लोक हसतील."

"मग गड्यांनी केलं म्हन."

"गडी तुमीच बंद केलं." मग ते म्हणाले, "पोरीनं केलंय. तिच्या आईनं केलंय. दुसरं मला बोलाय येनार न्हाय."

मक्तेदार निघून गेला. उतार मिळाला नाही.

नाव परत पाण्यात घालायला माणसं हवी होती. पुरुष कुणी आले नाहीत. शेजाऱ्यानं बैल दिले, पण स्वतः घरात बसला. मग आव्वा गावात जाऊन ओळखीच्या बायकांना घेऊन आली. पलीकडच्या शेतांत भांगलणीला, तंबाखूच्या लावणीला जाणाऱ्या या बायका. त्यांतल्या निम्म्या मराठी बोलत, निम्म्या कानडी, आणि रागाला आल्या की दोन्ही. मक्तेदाराच्या नावेत त्यांना शेवटी बसवत, गुडघाभर पाण्यात उतरवत. त्यांनी दोर धरला. त्यांच्यात एक पोक्त बाई होती, तिनं डांबरी बुडाला तळहात लावून बघितला आणि म्हणाली, "ह्याला हात लावला तर मरतंय म्हनत व्हते व्हय? आमी रोज मरतोय, त्यात आनि काय." नाव सरळ झाली, पाण्यात गेली आणि गळली नाही.

पहिले दोन महिने आमच्या नावेत फक्त बायका बसल्या. आमचा उतार नव्हता, म्हणून आप्पा थोडं खाली, जिथं कुणाचा मक्ता नव्हता अशा वळणावर त्यांना सोडत. तिथून शेत लांब पडे, तरी त्या येत. वल्हं एका बाजूला आप्पांच्या डाव्या हातात, दुसऱ्या बाजूला माझ्या. हिवाळ्यात पूर्वेचं वारं आलं तेव्हा आम्ही शीड लावलं. नाव अशी सुटली की आप्पा मागं वळून पाण्याची रेघ बघत राहिले. उलट्या प्रवाहात, भरल्या मालानिशी, ती वरच्या गावाला दुपारच्या आत पोचली. तेलाच्या बुडानं त्याच वाटेला संध्याकाळ होत असे. निपाणीला जाणाऱ्या तंबाखूचे बोद हळूहळू आमच्याकडे आले. व्यापाऱ्याला माल कोरडा आणि लवकर हवा असतो, बूड कुणी घासलं याची त्याला पंचाईत नसते.

नवऱ्याकडची माणसं एकदा न्यायला आली ती याच काळात. सासरे आणि एक चुलता. मी त्यांना चहा दिला. चुलता म्हणाला, हे नावाड्याचं काम बरं दिसत नाही, लोक नावं ठेवतात. मी म्हटलं, "तिकडं मार खाताना लोक कुटं व्हते?" ते चहा संपवून गेले. पुन्हा आले नाहीत.

मी असं म्हणणार नाही की गाव बदललं. नात्यातला तो म्हातारा शेवटपर्यंत आमच्या नावेत बसला नाही. लांबून वळसा घालून गेला, मरेपर्यंत. मक्तेदारानं आमच्याविरुद्ध दोन-तीनदा तक्रारी केल्या, आम्हाला बेळगावला जाऊन कचेरीच्या ओट्यावर दिवसच्या दिवस बसावं लागलं. पण दर चैत्रात मी नाव वर घेतली, वरचा थर खरवडला आणि डांबराचा एक पातळ हात दिला. एकदा लाकूड कोरं केलं की मग दरसाल एवढं पुरतं. लढाईच्या दिवसांत डांबर मिळेना, तेव्हा लोक म्हणाले आता तेलावर ये. मी आले नाही. डांबरावर तेल चालत नाही, जसं तेलावर डांबर चालत नाही. दोन वर्षं मी जुनाच थर जपून वापरला आणि जिथं लाकूड उघडं पडलं तिथंच उरलंसुरलं डांबर लावलं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खालच्या एका गावचा नावाडी आमच्या काठावर आला. त्याला कुणीतरी डांबर दिलं होतं. आप्पा तेव्हा खाटेवरच असायचे. तो माझ्यासमोरून गेला, आप्पांपाशी उकिडवा बसला आणि विचारलं, "आप्पा, डांबर कसं लावायचं वो? आमची नाव तेलाची हाय."

आप्पांनी डोळे उघडले. "मला काय इचारतोस? तिला इचार."

तो अवघडला. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा उपड्या नावेकडे. मी हात धूत होते. मी काही त्याला सोपं करून दिलं नाही. वाट बघितली. शेवटी तो उठला, माझ्यापाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "आक्का, आदी काय करायचं?"

"तेल काढायचं," मी म्हटलं. "समदं. राखंच्या पान्यानं."

"आनि वाळवायची किती?"

"दिस मोजायचं न्हाईत. तळहात ठेवून बघायचा. सकाळच्या पारी हाताला गार लागलं न्हाय की मग."

त्यानं मान डोलावली. मग आवाज खाली करून विचारलं, "घरच्या बायकांनी घासलं तर चालंल का?"

"चालंल का म्हनजे," मी म्हटलं. "तुला भांडी घासाय येत्यात का?"